घोडेगावची झील

अहिल्यानगरहून संभाजीनगरच्या रस्त्याला लागले, की घोडेगाव येते. शनिशिंगणापूरला निघालेली मंडळी येथून वळतात. फार तर घोटभर चहा घेतात. गावाकडे पाहतो कोण? आम्हीही पाहिले नसते. पण तो निघाला शुक्रवार, जनावरांच्या बाजाराचा दिवस! म्हशींनी रस्ता असा अडविला, की आमची मोटार जागीच थबकली.

मोटारीत कन्येची गाणी चालू होती. ‘‘बाबा, या सुप्रीम्स!’’ अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरी सरकारी वसाहतीत वाढलेल्या तीन कृष्णवर्णीय मुली : डायना रॉस, मेरी विल्सन आणि फ्लॉरेन्स बॅलर्ड. चर्चमधल्या भजनांचा उमाळा प्रेमगीतांत उतरला, त्याला तिकडे ‘सोल’ म्हणतात. १९६४-६५ साली या तिघींची लागोपाठ पाच गाणी तिथल्या लोकप्रियतेच्या यादीत पहिली आली. १९६९ पर्यंत सुप्रीम्सच्या नावावर अशी बारा झाली.

रस्ता मोकळा होईना, म्हणून घोडेश्वरी देवीच्या दर्शनाला गेलो. देवळाशी तीन बायका देवीची गाणी म्हणत होत्या. एक पुढे बसून पद सांगे, मागच्या दोघी झील धरीत. तमाशातला झीलकरी मी वर्गात दरवर्षी शिकवितो. पण पुढचीचा दम संपतो नेमका तेथे मागचीचा सूर कसा उभा राहतो, हे त्या दिवशी प्रथमच कानांनी पाहिले!

सौभाग्यवतीने मागच्या वयस्क बाईला नाव विचारले. ती संकोचून म्हणाली, ‘‘माझं नाव कशाला, ताई? मी मागं म्हणती.’’

कन्या एकदम गप्प झाली. मग हळूच म्हणाली, ‘‘बाबा, सुप्रीम्सचा मेळ जमविला फ्लॉरेन्सने. त्याचे नावही तिनेच निवडले. १९६७ साली डायनाचे नाव पुढे लागले आणि त्याच वर्षी फ्लॉरेन्सला काढून टाकले. मधली काही वर्षे तिने गरिबीत काढली. १९७६ साली गेली, अवघ्या ३२ व्या वर्षी.’’

इकडे पुढच्या बाईने ताटातले पैसे मोजून तिघींत सारखे वाटले. मी पाहतो आहे हे ध्यानात येताच हसून म्हणाली, ‘‘हिनं झील सोडली, तर माझं गाणं जाईल की वाऱ्यावर!’’

मोटार सुटली. कन्येने तेच गाणे पुन्हा लावले. या खेपेस आम्ही तिघेही मागचे आवाज ऐकत होतो.