स्कायलाइनला जाण्याआधी

सॅन होजेतल्या मराठी पोरांचा वीकएण्ड म्हणजे कॉस्टको, मंडळाची तालीम, नाहीतर मस्त झोप. माझा मात्र डोंगरावर! सांताक्रूझ डोंगररांगेच्या माथ्यावरून जाणारा हायवे ३५, म्हणजेच स्कायलाइन बुलेवार्ड. एकीकडे पॅसिफिकवरचं धुकं, दुसरीकडे सिलिकॉन व्हॅली, मध्ये रेडवुडची सावली आणि वळणंच वळणं. सोबतीला माझी १९९६ची माझ्दा मियाटा. दोन सीट्स, उघडं छप्पर, मीटरवर १,७८,००० मैल.

एवढ्या पळालेल्या गाडीला ‘चालतेय ना, मग चालू दे’ म्हणून भागत नाही. टायमिंग बेल्ट मी दर ६०,००० मैलांनी बदलतो. तेवढं उघडलंच आहे तर वॉटर पंपही. मजुरी दोनदा कोण देणार? मित्र बिल बघून हसतात. हसू देत.

खरी गोम ब्रेक फ्लुइडमध्ये आहे. ते हवेतला ओलावा शोषतं आणि मग लवकर उकळतं. ऑफिसच्या सपाट रस्त्यावर हे कळतही नाही. पण हायवे ८४नं वुडसाइडकडे उतरताना ब्रेक तापले, फ्लुइडमध्ये वाफ धरली, की पेडल थेट तळाला! म्हणून मैल होवोत न होवोत, दर दोन वर्षांनी नवं फ्लुइड.

टायरचंही तसंच. नक्षीवर जाऊ नका, कडेचे चार आकडे वाचा. २३१४ म्हणजे २०१४चा तेविसावा आठवडा. धुक्यानं ओल्या झालेल्या वळणावर असला टायर? नको रे बाबा.

वर ॲलिसेस रेस्टॉरंटसमोर रविवारी एकाहून एक चकाचक गाड्या लागतात. लोक बॉनेटचे फोटो काढतात. मी वाकून टायरचे आकडे वाचत फिरतो.