फ्रीजमधील पन्हें

परदेशांत कित्येक हौशी गृहस्थ लहान फ्रीजच्या दाराला तोटी बसवून घरीं केलेली बिअर गार ठेवतात. भंडाऱ्याच्या वैशाखांत आमच्या पुतण्याच्या मनानेंही तेंच घेतलें. परंतु १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें परवान्यावांचून मद्य करणें हा गुन्हा. शिवाय तें घरच्या रीतीविरुद्ध. तेव्हां युक्ति तीच ठेवून आम्हीं पन्ह्याची योजना केली. बिअरला कर्बवायूचें नळकांडें लागतें; पन्हें आपल्याच भारानें वाहतें. भोंक दारालाच पाडावें, कारण बाजूंच्या भिंतींत बहुधा शीतवायूच्या नळ्या असतात. घरांत आग्रह भंडाऱ्याच्या प्रसिद्ध पितळी पिंपाचा होता. पण कल्हई झिजली कीं आंबट पेय कळकतें, म्हणून स्टीलचें पिंप घेतलें. दार वारंवार उघडावें लागत नाहीं, गारवा टिकतो. तरुणांची हौस मोडण्यापेक्षां तिला वळण लावणें हेंच एकत्र कुटुंबांत हिताचें, असें आम्हांस वाटतें.