ट्युनिस : आलेल्यांना सामावून घेणारी राजधानी

भूमध्य समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील ट्युनिस ही ट्युनिशियाची राजधानी. तिची कहाणी मात्र पंधराएक किलोमीटरवरील कार्थेजपासून सुरू होते. फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवलेल्या या बंदराची एकेकाळी समुद्रावर हुकमत होती. सेनापती हॅनिबल येथलाच. इ.स.पूर्व १४६ मध्ये रोमनांनी कार्थेज बेचिराख केले आणि पुढे स्वतःच ते पुन्हा बांधले. इ.स. ६९८ मध्ये उमय्या सेनापती हस्सान बिन नोमान यांनी ते जिंकले. समुद्रावरून येणाऱ्या शत्रूच्या आरमारापासून सुरक्षित म्हणून आतल्या सरोवराकाठचे ट्युनिस पुढे वाढले.

कार्थेज ओस पडले, पण त्याचे दगड वाया गेले नाहीत. ट्युनिसच्या प्रसिद्ध जैतूना मस्जिदीतील अनेक खांब कार्थेजच्या पडक्या इमारतींतून आणलेले आहेत. पाण्याचेही तसेच. झगवानच्या डोंगरातून कार्थेजला पाणी आणणारा रोमनांचा सुमारे १३० किलोमीटरचा कालवा तेराव्या शतकात हफ्सी सुलतानांनी दुरुस्त केला आणि ट्युनिसची तहान भागवली.

मस्जिदीभोवती बाजार वसले, तेही विचारपूर्वक. जवळ अत्तरवाले, पुस्तकवाले आणि कापडवाले. रंगारी आणि लोहार दूर, म्हणजे नमाजींना दुर्गंधीचा आणि ठोकाठोकीचा त्रास नको. याच शहरात १३३२ मध्ये इब्ने खल्दून जन्मले. त्यांचे पूर्वज अंदलुसियातील सेव्हिल सोडून आलेले. प्लेगच्या साथीत आईवडील गेले, तेव्हा ते अवघे सतरा वर्षांचे होते. शहर वसवताना शुद्ध हवा आणि जवळचे गोडे पाणी पाहावे, असे त्यांनी ‘मुकद्दिमा’त सांगितले आहे.

१६०९ पासून स्पेनने हाकलून दिलेले हजारो मुसलमान येथे आले. रिकाम्या हातांनी आले, तरी हातात हुन्नर होता. ट्युनिसची लाल लोकरी टोपी, शाशिया, विणण्याच्या धंद्याला त्यांनीच भरभराट आणली. शाशियाचा बाजार आजही आहे.

१८८१ नंतर फ्रेंचांनी तटाबाहेर नवे शहर उभारले. हळूहळू सधन कुटुंबे तिकडे गेली आणि जुन्या हवेल्यांच्या एकेका खोलीत खेड्यांतून आलेली गरीब कुटुंबे राहू लागली. १९५६ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर जुन्या शहराच्या मधोमध रुंद रस्ता काढण्याचा बेत झाला. तो झाला असता तर शतकांची वस्ती चिरली गेली असती. १९६७ मध्ये जुन्या शहराच्या रक्षणासाठी संस्था स्थापन झाली, रस्ता राहून गेला. १९७९ मध्ये युनेस्कोने या शहराला जागतिक वारसा मानले. मोडकळीस आलेल्या हफ्सिया मोहल्ल्यात राहती घरे पुन्हा उभी केल्याबद्दल १९८३ आणि १९९५ असे दोनदा आगा खान वास्तुकला पारितोषिक मिळाले.

जुने शहर केवळ इमारती राखून वाचत नाही. त्यात चुली पेटत्या राहाव्या लागतात, कारागिराला दुकानाचे भाडे परवडावे लागते. परक्यांचे दगड, पाणी आणि हुन्नर आपलेसे करणाऱ्या ट्युनिसला हे फार पूर्वीच उमगले होते.