आमची हातचलाखी

पत्त्यांशीं सभ्य गृहस्थाचा संबंध कितपत असावा, याविषयीं आमच्या घरांत फार पूर्वींपासून एक नियम ठरून गेलेला आहे. दिवाळींत रमी, सुटींत मुलांबरोबर बदाम-सात, आणि आगगाडींत वेळ जात नसेल तर मेंढीकोट. याच्या पलीकडे जो पत्त्यांस हात लावील तो घर बुडवील, असें आमच्या वडिलांचें मत होतें. अशा घरांत वाढलेल्या माणसानें वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं नवा कॅट विकत आणावा, आणि तोही कोणाशीं खेळण्यासाठीं नव्हे, तर खोलीचें दार लोटून एकट्यानें हाताळण्यासाठीं, हें ऐकून वाचक हंसतील. आमच्या घरचीं माणसें प्रथम हंसलीं, मग चिडलीं, आणि अखेरीस त्यांनीं आम्हांस सोडून दिलें.

आम्हांस जी एकच गोष्ट शिकावयाची होती, ती सांगण्यास फार सोपी आहे. पाहणाऱ्यानें एक पत्ता निवडून कॅटाच्या मध्यभागीं ठेवावा. आपण वरचा अर्धा भाग त्यावर ठेवावा. आणि लागलीच खालचा भाग वर व वरचा भाग खालीं करावा, म्हणजे त्याचा पत्ता सर्वांत वर येतो. कोणी म्हणेल, यांत काय मोठेंसें? पत्ते काटतांना हेंच तर घडतें! घडतें खरें, परंतु तें सर्वांच्या देखत घडतें. येथें तें पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आणि त्याच्या नकळत घडावयाचें असतें. इंग्रजींत या क्रियेस 'पास' म्हणतात. फ्रेंच लोकांनीं काटलेल्या पत्त्यांची उडी अशा अर्थाचें नांव तिला दिलें आहे, आणि आम्हांस तेंच अधिक आवडतें. डाव्या हाताची करंगळी दोन भागांमध्यें शिरून राहिलेली. बाकीचीं बोटें वरच्या भागाच्या पाठीवर. म्हणजे वरचा भाग त्यांच्या चिमटींत सांपडलेला. उजवा हात वरून येतो आणि खालचा भाग अंगठा व मधलें बोट यांनीं दोन्ही टोकांस धरतो. मग डावीं बोटें वरचा भाग ओढून बाहेर काढतात व खालीं नेतात, आणि तेवढ्यांत उजवा हात खालचा भाग किंचित् कलता करून त्यास वाट देतो. हें लिहिण्यास जितका वेळ लागला त्याच्या शतांशांत उरकलें पाहिजे. आणि आवाज होतां कामा नये.

पहिले दोन महिने आमचे पत्ते पलंगाखालीं, कपाटामागें व एकदां तर आमटींत जाऊन पडले. करंगळी हें बोट जन्मभर आमच्याजवळ होतें, पण त्याच्याकडून आम्हीं कधीं कांहीं काम घेतलें नव्हतें. तें आतां म्हातारपणीं नोकरीस लावलेल्या माणसाप्रमाणें कुरकुर करूं लागलें. पावसाळ्यांत तर पत्ते दमट होऊन एकमेकांस चिकटत.

गुरु म्हणून आमच्यापाशीं एक ग्रंथ होता. १९०२ सालीं शिकागोस 'द एक्स्पर्ट अ‍ॅट द कार्ड टेबल' या नांवाचें पुस्तक निघालें. लेखकाचें नांव एस. डब्ल्यू. अर्डनेस, परंतु तें टोपणनांव, आणि त्यामागें कोण होतें याचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. आपणांस पैशाची गरज आहे म्हणून हें लिहिलें, असें प्रस्तावनेंत सांगून टाकणारा प्रांजळ ग्रंथकार आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं. त्याचें गद्य वकिलाच्या नोटिशीसारखें कोरडें आहे. आणि खेळाच्या मेजावर कोणास संशय न येतां मारतां येईल अशी उडी अजून निघावयाचीच आहे, असेंही तो कबूल करतो. हें वाक्य आम्हांस दोन महिन्यांपूर्वीं दिसतें तर बरें झालें असतें.

फ्रान्सचा प्रख्यात जादूगार रोबेर-हूदँ (१८०५–१८७१) हा मूळचा घड्याळजी. रस्त्यानें चालतांना कोटाच्या खिशांत हात घालून आपण सराव करीत असूं, असें त्यानें आत्मचरित्रांत लिहून ठेवलें आहे. आम्हीही तसें करून पाहिलें. तेव्हां वाण्याच्या दुकानीं सुटे पैसे काढतांना चौकटची राणी त्याच्या गल्ल्यावर पडली, आणि तो वाणी आमच्याकडे अजून निराळ्या नजरेनें पाहतो.

वर्षभरानंतर आरशांत पाहतांना उडी दिसेनाशी झाली. आम्ही हर्षभरित होऊन नऊ वर्षांच्या नातवास बोलाविलें. त्यानें दोनदां पाहिलें आणि विचारलें, "आजोबा, तुम्ही मधेंच डोळे कां मिटतां?" आम्हीं मिटत नाहीं म्हणून सांगितलें. तो म्हणाला, "मिटतां. प्रत्येक वेळीं." तें खरें निघालें. हा दोष या विद्येंत सर्वांस ठाऊक आहे, असें पुढें समजलें: आरशापुढें सराव करणारा नेमक्या त्या क्षणीं पापणी लववितो, आणि आपली चोरी आपल्यापासूनच लपवितो. आम्हीं वर्षभर स्वतःस फसविण्याचा अभ्यास केला होता, व त्यांत मात्र आम्ही निष्णात झालों होतों.

या विद्येंतील दुसरी एक गोष्ट आमच्या मनांत फार दिवस घर करून आहे. डाय व्हर्नन (१८९४–१९९२) हा ओटावा येथें जन्मलेला कलावंत. अर्डनेसचा ग्रंथ त्यानें लहानपणींच आत्मसात् केला होता. १९३२ सालीं विचिटाच्या तुरुंगांतील एका मेक्सिकन जुगाऱ्याकडून त्यास कळलें कीं, कॅटाच्या मधून पत्ता वाटणारा एक मनुष्य कॅन्सस सिटीकडे आहे. वरून वाटतों असें दाखवून तळचा पत्ता देणारे पुष्कळ होते; पण मधला? व्हर्नन त्याच्या शोधास लागला, आणि मिसूरींतील प्लेझंट हिल नांवाच्या लहानशा गांवीं अ‍ॅलन केनेडी त्यास भेटला. ज्याचें कसब पूर्णत्वास गेल्यामुळेंच कोणास दिसूं शकत नाहीं, अशा माणसाच्या दारीं, काय पाहावयाचें तें जाणणारा एक प्रेक्षक आपण होऊन आला. त्या दिवशीं केनेडीला काय वाटलें असेल, याचा आम्हीं पुष्कळ विचार केला आहे.

२०२२ च्या श्रावणांत आमच्या सौभाग्यवती न्हाणीघरांत घसरल्या व त्यांचा पाय मोडला. पुष्कळ दिवस अंथरूण होतें. रात्रीं आम्ही उशाशीं खुर्ची टाकून बसत असूं, आणि त्यांस झोंप लागली असें पाहून मंद दिव्याच्या उजेडांत कॅट हातीं घेत असूं. उडी चुकली कीं पत्त्यांच्या कडा एकमेकींस घांसून 'खस्' असा आवाज होई. असे बरेच दिवस गेल्यावर एका रात्रीं भिंतीकडे तोंड असलेल्या त्या अंथरुणांतून शब्द आले, "आज एकतीस."

आम्हांस मेल्याहून मेल्यासारखें झालें. आजारी माणसाच्या उशाशीं बसून त्याची झोंपमोड करणारा असा शुश्रूषक दुसरा कोण असेल? आम्हीं मुकाट्यानें कॅट पेटींत घातला. थोड्या वेळानें पुन्हा शब्द आले, "अहो, थांबलांत कां?"

"तुझी झोंप मोडते ना?"

"झोंप कुठें येते! मोजत असलें म्हणजे ठणका विसरायला होतो. काल एकोणतीस होते. तुमचें बिघडत चाललें आहे."

त्या रात्रीपासून आम्हीं चोरून सराव करण्याचें सोडलें. चुकांची संख्या सकाळीं चहाबरोबर कळूं लागली. नवरात्राच्या सुमारास ती नवावर आली होती, आणि त्या काठी घेऊन चालूं लागल्या होत्या.

पुढच्या वर्षींच्या कोजागिरीस गच्चीवर शेजारपाजारचीं माणसें जमलीं होतीं. दूध आटत होतें. मुलांच्या आग्रहावरून आम्हीं कॅट काढला. एका वकीलसाहेबांनीं किलवरची नव्वी ओढली, ती मध्यें ठेवली, कोणीतरी कांहींतरी बोललें, सर्व हंसले, आणि तेवढ्यांत आमचे हात एकत्र येऊन वेगळे झाले. नव्वी वर आली. टाळ्या पडल्या. वकीलसाहेबांनीं मात्र पत्त्यांस मागून खुणा केलेल्या आहेत असा निकाल दिला, आणि दिव्यापाशीं नेऊन ते बराच वेळ एकेक पत्ता तपासूं लागले. तीन वर्षांच्या श्रमाचें श्रेय छापखान्यास मिळालें.

दुधाचा पेला आमच्या हातीं देतांना सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "आज वाजलें नाहीं."

आम्ही त्या पेल्यासह कठड्यापाशीं जाऊन कांहीं वेळ उभे राहिलों. मग एक दुष्ट शंका आली. त्यांचे कान अलीकडे मंद झाले आहेत, हें आम्हांस ठाऊक होतें. शिवाय गच्चीवर गलबला पुष्कळ होता. मंडळी गेल्यावर आम्ही खोलींत येऊन खुर्चीवर बसलों. दिवा लहान केला, कॅट हातीं घेतला, डोळे उघडे ठेवले आणि उडी मारली.

"एक!" आंतून आवाज आला.