ह्वाय नदीचे दोन तीर

चीन देशातील ह्वायआन या प्राचीन नगरात मोठ्या कालव्याच्या काठी एक जुना घाट आहे. दक्षिणेकडून राजधानी पेकिंगला निघालेला प्रवासी पूर्वी नावेत बसून येथवर येई आणि येथे नाव सोडून घोड्यावर किंवा गाडीत बसे. उत्तरेकडून येणारा याच ठिकाणी घोडा सोडून नावेत पाऊल टाकी. दक्षिणेची नाव आणि उत्तरेचा घोडा अशा अर्थाचा वाक्प्रचार चिनी भाषेत आजही रूढ आहे.

वाचकहो, एवढ्या अफाट देशाची ही सीमारेषा कोणा राजाने आखलेली नाही. पश्चिमेकडे छिनलिंग पर्वताची रांग आणि पूर्वेकडे ह्वाय नदी मिळून ती झाली आहे. ह्वाय ही काही महानदी नव्हे. यांगत्से आणि पीतनदी या दोन थोरल्या बहिणींच्या मधोमध ती सुमारे १,००० किलोमीटर वाहते. पण तिच्या दक्षिणेस वर्षाकाठी ८०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व जानेवारीतही पाणी सहसा गोठत नाही. उत्तरेस पाऊस कमी आणि हिवाळा कडक. म्हणून दक्षिणेस भाताची खाचरे, तर उत्तरेस गहू, ज्वारी आणि राळ्यासारखी तृणधान्ये.

जे शेतात तेच ताटात. उत्तरेकडील गृहिणी कणीक मळते. तिचे वाफेवर फुगवलेले पाव, हाताने ओढून लांबवलेल्या शेवया आणि सारण भरलेल्या करंज्या हेच तिकडचे जेवण. दक्षिणेकडे भाताची वाटी हाती आल्याशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही. वर्षातील सर्वांत लहान दिवशी उत्तरेतील बहुतेक घरांत उकडलेल्या करंज्या होतात, तर दक्षिणेत अनेक घरांत चिकट तांदळाच्या पिठाचे गोड लाडू गरम पाण्यात सोडून खातात. सोयाबीनच्या दुधाचे मऊ दही उत्तरेकडील माणूस खारट खातो, दक्षिणेकडील पुष्कळजण ते पाकात घालून गोड खातात. आणि यावरून दोघांत जो वाद होतो तो गमतीचा असला तरी पुरता थट्टेचा नसतो!

या भेदाविषयी एक फार जुनी कथा आहे. छी राज्याचा मंत्री यान यिंग दक्षिणेतील छू राजाच्या दरबारी वकील म्हणून गेला. त्याचा पाणउतारा करावा म्हणून राजाने एक बांधलेला चोर समोर आणवला आणि हा छी देशाचाच रहिवासी आहे असे सांगितले. यान यिंगने शांतपणे उत्तर दिले की, ह्वायच्या दक्षिणेस लावलेले संत्र्याचे झाड गोड फळ देते, तेच उत्तरेस लावले तर फळ कडवट होते; हा मनुष्य आमच्याकडे चोरी करीत नव्हता, तेव्हा दोष येथील पाण्यामातीचा असावा. राजा ओशाळला. आजचे वनस्पतिशास्त्र म्हणते की, ही दोन वेगळीच झाडे आहेत; पण कथेचा टोला त्याने बोथट होत नाही.

मात्र ही सीमा नेहमीच अशी विनोदाची नव्हती. पर्ल बक ही मिशनऱ्याची कन्या विवाहानंतर काही वर्षे ह्वायच्या उत्तरेस अन्ह्वी प्रांतात राहिली. तेथील शेतकऱ्यांचे जिणे तिने 'द गुड अर्थ' या १९३१ सालच्या कादंबरीत रंगविले. त्यातील वांग लुंग दुष्काळाने गांजून बायकामुलांसह दक्षिणेतील शहरात जातो. आपल्याच देशात तो परका ठरतो. गव्हाची पोळी आणि लसूण खाणाऱ्या या माणसाच्या अंगाचा वास येताच तेथील नागर लोक नाक मुरडतात. भुकेल्या माणसाला परमुलखात भाकरीपेक्षा मान मिळणे अधिक कठीण जाते, हे त्या प्रसंगात फार नेमके उतरले आहे.

हे दुष्काळ आणि महापूर तरी कोठून आले? पुष्कळसा दोष माणसाचा. ११२८ साली शत्रूला अडविण्यासाठी सुंग राज्याच्या सेनापतीने पीतनदीचा बांध फोडला. पुढे त्या गढूळ नदीने ह्वायचे पात्रच बळकावले, ते १८५५ पर्यंत सोडले नाही. आणि सोडले तेव्हा ह्वायचे मुख गाळाने बुजून गेले होते. समुद्राची वाट हरवलेली नदी काठच्या शेतांत पसरू लागली. १९३८ साली जपानी सैन्याला रोखण्यासाठी पुन्हा बांध फोडण्यात आला आणि नऊ वर्षे पीतनदीचे पाणी ह्वायच्या खोऱ्यात घुसत राहिले. लाखो माणसे प्राणास मुकली. आता बरेचसे पाणी यांगत्सेत जाते, आणि २००३ साली समुद्रापर्यंत एक नवा कालवाही पुरा झाला.

तांदूळ पिकविणारे लोक पाणी वाटून घेता घेता मिळून मिसळून वागायला शिकले, गहू पिकविणारे स्वतंत्र बाण्याचे झाले, असा निष्कर्ष काही संशोधकांनी २०१४ साली मांडला. विचार करण्याजोगा आहे खरा, पण माणसाचा स्वभाव केवळ शेतावरून ठरवावा हे आमच्या मनाला पुरते पटत नाही.

याच रेषेचा एक परिणाम मात्र मोजता येण्याजोगा आहे. १९५० नंतरच्या दशकात सरकारने रेषेच्या उत्तरेस हिवाळ्यात घरे उबदार ठेवण्याची व्यवस्था केली. दक्षिणेस केली नाही. दक्षिणेतील म्हातारी माणसे घरातही कापूस भरलेले अंगरखे घालून कुडकुडत राहिली, आणि उत्तरेकडील शेजाऱ्यांचा हेवा वाटणे स्वाभाविकच होते. पण ती ऊब कोळशाची होती. धुराने उत्तरेकडील आयुर्मान सुमारे साडेपाच वर्षांनी घटले असे २०१३ सालच्या एका अभ्यासात दिसले. २०१७ सालच्या दुसऱ्या अभ्यासाने हा आकडा तीन वर्षांच्या आसपास ठेवला. त्याच वर्षापासून उत्तरेतील गावागावांत कोळशाच्या शेगड्या काढून वायूच्या आणि विजेच्या शेगड्या बसविण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले.