हवा आधी, डिझेल मागाहून

चि. सायलीस,


जीपला टर्बो बसवायचा तुझा बेत कळला. तुझ्या आईला वाटलं, मामा तुला समजावून सांगेल आणि हे खूळ डोक्यातून काढेल. पण खूळ चांगलं आहे, ते मी कशाला काढू? फक्त तुझं सगळं लक्ष टर्बोवर आहे आणि डिझेल पंपाबद्दल तू एकच ओळ लिहिली आहेस. ‘मागचा स्क्रू एक फेरा आत घेतला की झालं, असं मित्र म्हणतो.’ त्या ओळीसाठी हे पत्र.

तुझं इंजिन प्यूजोचं, एक्सडीपी 4.90. महिंद्राने 1979 मध्ये परवाना घेतला आणि मग इगतपुरीला ते बनू लागलं. नावातच माप आहे: चार सिलिंडर, 90 मिमी बोअर. स्ट्रोक 83 मिमी, म्हणून 2112 सीसी. त्याच घराण्यातल्या 2304 सीसीच्या इंजिनाला प्यूजोनेच टर्बो लावून 1979 मध्ये 604 या गाडीची टर्बो-डिझेल आवृत्ती काढली होती. तेव्हा तू काही जगावेगळं करत नाहीस.

आता हिशेब. एका सिलिंडरमध्ये 528 सीसी जागा. ती पूर्ण कधीच भरत नाही, 85 टक्के धर. म्हणजे एका वेळी साधारण अर्धा ग्रॅम हवा. धूर न मारता जाळायचं तर एक भाग डिझेलला वीसेक भाग हवा हवी, म्हणजे 25 मिलिग्रॅम डिझेल. टेस्ट बेंचवर आम्ही 1000 स्ट्रोकचं डिझेल काचेच्या नळीत मोजतो, तिथे हे 30 सीसीच्या आसपास येतं. हा झाला बिनटर्बोचा आकडा.

अर्धा बार बूस्ट दिलास की हवा दीडपट होते असं सगळे धरून चालतात. होत नाही. टर्बोत दाबली गेलेली हवा तापते, तापली की फुगते, आणि इंटरकूलर नसेल तर सिलिंडरपर्यंत कशीबशी सव्वापट पोचते. म्हणजे नळीतला आकडा 30 वरून फार तर 37. त्यापुढचं डिझेल नुसता काळा धूर आणि उष्णता. पिस्टन वितळतात ते बहुधा टर्बोने नव्हे, या जास्तीच्या डिझेलने.

आणि खरी मेख पुढेच आहे. हे 37 सीसी कायमचे नकोत, बूस्ट आल्यावरच हवेत. खालच्या आरपीएमला टर्बो अजून जागा झालेला नसतो, तिथे 30 च पाहिजेत. तुझ्या मित्राचा स्क्रू हा फरक जाणत नाही. तो आत घेतलास की सगळीकडेच डिझेल वाढतं, आयडलिंगही चढतं, आणि फारच आत गेला तर इंजिन गव्हर्नरला न जुमानता पळत सुटतं. ट्रक सुटताना मागच्या स्कूटरवाल्याचं तोंड काळं होतं ना, त्यातले बरेच याच स्क्रूचे प्रताप.

तुझ्या फोटोतली पाटी वाचली: व्हीई 4/9 एफ 2250 आर. चार सिलिंडर, 9 मिमीचा प्लंजर, वजनांचा गव्हर्नर, पंपाचे 2250 फेरे म्हणजे इंजिनाचे 4500, आणि फिरण्याची दिशा घड्याळाची. या पंपात चारही सिलिंडरना एकच प्लंजर पुरतो. तो फिरतोही आणि पुढेमागेही सरकतो. त्याच्यावर एक स्लीव्ह असते, ती जिकडे उभी राहील तिथे डिझेल तुटतं. गव्हर्नरचा लिव्हर स्लीव्हला किती पुढे जाऊ देतो, एवढ्यावर सगळं चालतं.

म्हणून टर्बोच्या पंपाचं वरचं झाकण वेगळं असतं. त्यात रबरी डायफ्राम, त्याखाली स्प्रिंग आणि निमुळता केलेला दांडा. इनटेक मॅनिफोल्डमधून बारीक नळीने बूस्ट वर आला की डायफ्राम खाली दबतो, दांड्याच्या उतारावरची पिन सरकते, आतला स्टॉप लिव्हर मागे हटतो आणि स्लीव्हला थोडी जास्त जागा मिळते. हवा आली तर डिझेल वाढलं. नाही आली तर पंप जुन्या मापावर. हे झाकण स्टॉप लिव्हरसकट, पूर्ण सेट म्हणूनच घे. सुट्या भागांची मोट बांधू नकोस. स्प्रिंगच्या ताणावर डिझेल कधी वाढायचं ते ठरतं, दांडा फिरवून किती वाढायचं ते. दोन्ही बेंचवरच लावायचं, रस्त्यावर अंदाजाने नाही.

पंप गॅरेजच्या ओट्यावर खोलू नकोस. हेड रोटरमधली, म्हणजे प्लंजर आणि तो ज्यात फिरतो त्या भागामधली, फट दोन-तीन मायक्रॉनची असते. केसाची जाडी त्याच्या वीसपट तरी, मग धुळीचं काय घेऊन बसलीस! टायमिंगला आत्ता हात लावू नकोस. नोझल मात्र तपासून घे. फवारा नीट नसेल तर वरचा सगळा हिशेब पाण्यात.

टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर तापमानाचा काटा बसव. हा खर्च वाचवायचा नाही. कसारा घाट तिसऱ्यात, भरल्या गाडीने चढताना काटा 700 अंशांकडे सरकला तर पाय सैल कर. बूस्ट अर्ध्या बारवर थांबेल असा वेस्टगेट लाव. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाच. आरसी बुकाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, तेव्हा आधी आरटीओत विचारून ये. पीयूसीला जुन्या डिझेलची धुराची मर्यादा 2.45 आहे, ती तर पाळावीच लागेल.

पंप काढशील तेव्हा पुलीवर आणि फ्लॅंजवर खुणा करून ठेव, पाइपांची तोंडं स्वच्छ फडक्याने बांध आणि नोझलही सोबत आण. बेंच शनिवारी दुपारनंतर मोकळा असतो. येताना तुझ्या मित्रालाही घेऊन ये, नळीत डिझेल चढताना त्याने एकदा बघावं.

तुझा,
मामा