हुजरा आणि कोपी

उर्दू शिकवताना 'हुजरा' हा शब्द आला की मुलांना अर्थ सांगावा लागत नाही. मशिदीला लागून इमामसाहेबांची छोटी खोली असते, ती त्यांनी पाहिलेली असते. एक दार, एक खिडकी, कोपऱ्यात पाण्याचा माठ, खुंटीवर कपडे. मदिन्यातले पैगंबरांच्या घरचे हुजरेही कच्च्या विटांचे आणि खजुराच्या फांद्यांचे होते. छत इतके ठेंगणे, की लहानपणी आपला हात त्याला लागत असे, अशी हसन बसरी यांची रिवायत आहे. माणसाला घटकाभर स्वतःपाशी बसायला फार जागा लागत नाही.

आमचे अब्बा भवानीनगरच्या छत्रपती साखर कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी असाच एक हुजरा मागितला. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर आमचे थोडे रान आहे. तिथे लाकडाची एक खोली असावी, नमाज पडावी, वाचत बसावे, पाखरे ऐकावीत, एवढीच त्यांची इच्छा. धाकट्या भावाने लगेच शहरातल्या एका दुकानाचा कॅटलॉग आणला. त्यात परदेशी देवदाराच्या खोल्या होत्या, एका अंगाला जमिनीपासून छतापर्यंत काच. बारामती तालुक्यात 2005 च्या सुमारास कृषी पर्यटन सुरू झाले, सरकारने 2020 मध्ये त्याचे धोरणही आणले. तेव्हा शनिवार-रविवार खोली भाड्याने देऊ, असा त्याचा हिशेब होता. तो काही वावगा नव्हता. एका पगारावर चालणाऱ्या घरात असे हिशेब करावेच लागतात.

पण त्या खोल्या थंड मुलुखासाठी काढलेल्या. तिथले लाकूड ऊब आत धरून ठेवते, आपल्याला ती बाहेर घालवायची असते. इंदापूर-बारामतीच्या या अवर्षणप्रवण पट्ट्यात पाऊस थोडा आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर. पश्चिमेला काच लावली तर दुपारी आत भाकरी भाजेल. अब्बा म्हणाले, "धूपकू पूछके घर बांधो, कॅटलॉगकू पूछके नक्को."

मग आम्ही भावंडे आणि गावातले एक जुने सुतार, असे सगळे कागद घेऊन बसलो. काळी जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे जड भिंती तडकतात. त्यापेक्षा लाकडाचा हलका सांगाडा बरा. जुन्या वाड्यांत खांबाखाली दगडी तळखडा असे, तसे सहा तळखडे बसवायचे आणि खोली जमिनीपासून दीड फूट उचलायची. म्हणजे ओल चढत नाही, वाळवी आली तर दिसते आणि खालून वारा खेळतो. लाकूड बाभळीचे, पण तोडून लगेच वापरायचे नाही. काही महिने पाण्यात भिजवायचे, मग सावलीत वाळवायचे, म्हणजे त्याला भुंगा सहसा लागत नाही. पश्चिमेची भिंत जवळजवळ बंद, दार पूर्वेला, वर कौले आणि वळचण चांगली तीन फूट पुढे. काच कुठेच नाही, लाकडी झडपा.

आम्हांला यात सेवाग्रामची बापू कुटी आठवत होती. 1936 मध्ये गांधीजी तिथे राहायला गेले तेव्हा त्यांची अट होती, की खर्च शंभर रुपयांच्या आत हवा आणि सामान आसपासचेच हवे. मीराबेन यांनी माती, लाकूड, बांबू आणि कौले यांतून कुटी उभारली. इव्हान इलिच 1978 मध्ये तिथे गेले आणि त्या कुटीवरच बोलले. सामानसुमान वाढते तसा माणूस त्याच्यावर अवलंबून होत जातो, असे त्यांना तिथे बसून जाणवले होते.

जागा विहिरीजवळच्या मोठ्या कडुलिंबाखाली ठरली. रानात दिवसभराची सावली तिथेच आहे. आम्ही फीत लावून मोजमाप घेत होतो, तेव्हा टोळीच्या मुकादमाबरोबर रान बघायला आलेली एक बाई जवळ येऊन म्हणाली, "मॅडम, अवंदा लिंबाखाली नाही का कोप्या घालायच्या?"

दर दिवाळीच्या आगेमागे बीडकडून ऊसतोडीची टोळी येते आणि कोप्या त्याच लिंबाखाली पडतात. वाकवलेले बांबू, त्यावर तट्ट्या आणि पाचट, वरून फाटका कागद. एका दिवसात घर उभे. हंगाम संपला की बांबू गाडीवर जातात, पाचट मातीत मिसळते, मागे चुलीची राख तेवढी उरते. निसर्गाशी जुळवून घेणारे घर कसे असावे याची जी जी लक्षणे कॅटलॉगात छापली होती, ती सगळी कोपीत आहेत. फक्त तिच्यात ताठ उभे राहता येत नाही, डिसेंबरची थंडी अडत नाही, विंचू निघतो, आणि बायकांना अंधार पडेपर्यंत थांबावे लागते. लिंबाखालून त्या हलल्या तर उरतो कालव्याचा भराव. तिथे सावली नाही आणि रांगत्या मुलांपासून दहा पावलांवर वाहते पाणी.

थोरोने 1845 मध्ये वॉल्डन तळ्याकाठी दहा बाय पंधरा फुटांची लाकडी खोली बांधली. रानातला एकांत म्हटले की आजही तिचेच नाव निघते. तिच्या फळ्या कुठल्या होत्या, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. रेल्वेवर राबणाऱ्या एका आयरिश मजुराची झोपडी त्याने सव्वाचार डॉलरला घेतली आणि मोडली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते कुटुंब एक मोठे गाठोडे घेऊन वाटेने जाताना त्याला भेटले. गाठोडे घेऊन ते पुढे कुठे राहिले, हे पुस्तकात नाही.

घरात दोन-तीन दिवस वाद झाला. भाऊ म्हणाला, भाड्याने येणाऱ्या पाहुण्याला खिडकीतून कोप्याच दिसतील. अब्बा म्हणाले, "हैं तो दिखेंगे." शेवटी लिंब टोळीला राहिला. खोली पूर्वेच्या बांधावर सरकली, तिथे सावलीसाठी शेवगा लावला. खोलीची लांबी बारा फुटांवरून दहावर आणली आणि वाचलेल्या पैशांत आणखी थोडे घालून लिंबापाशी एक नळ आणि दाराला आतून कडी असलेला संडास आधी बांधायला घेतला. एवढ्याने ऊसतोडीचे दुःख हटत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. भावाचा चेहरा अजून पुरता खुललेला नाही, आणि त्याचाही हक्क आहे त्या रानावर.

संडासाच्या भिंती कंबरेएवढ्या आल्या आहेत. बाभळीचे ओंडके विहिरीजवळच्या खड्ड्यात भिजताहेत. सुतार म्हणतात, उन्हाळ्याआधी हात लावू नका. तोवर अब्बा संध्याकाळी बांधावर चटई टाकून बसतात.